चंदीचा हिशेब

पुतण्यानं पाठवलेला व्हिडिओ २० सेकंदांचा होता. मऊ मातीच्या रिंगणात एक तांबडा घोडा चालत होता. कपाळावर चांदणी, मागच्या उजव्या पायाला घोट्यापर्यंत पांढरं. वय ३ वर्षं, रेसकोर्सवरून उतरलेला, किंमत ४० हजार. पाठोपाठ फोन आला.

"काका, असलं घोडं लाखातबी मिळत न्हाई. म्होरच्या पायाला जरा सूज हाय आणि पळून आल्यावर खोकतंय थोडं. औषधपाणी केलं की जाईल. उद्या बघायला येतासा काय?"

मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. घोडा चालत होता, दुडकत नव्हता. मातीवर होता, दगडावर नव्हता. आणि सगळा वेळ एकाच बाजूनं दिसत होता. घोडं कुठं पेंड खातं ते कळायला मला तेवढं पुरलं. तरी मी त्याला लगेच नको म्हणालो नाही. ५० वर्षांपूर्वी असाच एक घोडा आमच्या दारात आला होता, आणि तेव्हा वडिलांबरोबर बघायला जाणारं कुणी नव्हतं.

आमचं घर निपाणीतलं, टांगेवाल्यांचं. आजोबा टांग्यावर, वडील टांग्यावर, चुलतेही. मी शिकलो आणि तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून लागलो, पण लगाम सुटला तरी घोड्याचं वेड सुटलं नाही. घोडागाडीच्या शर्यतीचा नाद असलेली आसपासची पोरं अजून मला घोडा दाखवायला नेतात. मी जातो. घोडा पाहण्यापेक्षा मला त्या पोरांना एक गोष्ट सांगायची असते: स्वस्त घोडा कधीच स्वस्त नसतो, दुसऱ्या कुणीतरी आपल्या अंगावरची जोखीम उतरवून तुमच्या दावणीला बांधलेली असते. आमच्या या मुलखात ही जोखीम कुणी कुणी उचलली, त्याचा इतिहास तीनशे वर्षांचा तरी आहे.

सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार. २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पावसाळ्यात लष्कर आपल्या मुलखात परतायचं, तेव्हा घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषध आणि वर छप्पर आधीच तयार ठेवलेलं असायचं. कॉलेजात असताना हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसलो होतो. आमच्या घरी पाणी आई शेंदायची, नाल उसनवारीवर मारले जायचे आणि औषधाची तर गोष्टच नको. ज्या घोड्याच्या पाठीशी दौलत उभी असते त्या घोड्याचं दुखणं वेगळं आणि ज्याच्या पाठीशी एक कुटुंब असतं त्याचं दुखणं वेगळं, हे मला त्या एका ओळीनं शिकवलं.

बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. घोडा मेला तर सरकारचा मेला. शिलेदाराचं तसं नव्हतं. घोडा त्याचा, हत्यार त्याचं, आणि घोड्याबद्दल मिळणारा पगार ही त्याची रोजीरोटी. घोडा पडला की माणूस धडधाकट असूनही शिलेदारी संपली. म्हणून शिलेदार आपलं जनावर अंगावर घाव येईल अशा जागी घालायला कचरतात, असं त्या काळी मराठी फौजांत वावरलेल्या युरोपीय माणसांनी लिहून ठेवलं आहे. त्यात भित्रेपणा शोधणाऱ्यांचा मला राग येतो. ज्याच्या घोड्याचं देणं अजून फिटलेलं नाही, त्यानं घोडा जपला तर त्यात काय चुकलं? याच मुलखात, निपाणीहून संकेश्वर-गडहिंग्लजकडून गेलं की नेसरीची खिंड लागते. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी तिथं बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. ती सात माणसं आपण आठवतो. त्यांच्याखालचे सात घोडे मात्र कुणाला आठवत नाहीत.

निपाणी हे गावच मुळी घोडदळाच्या सरदाराचं. निपाणकर सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर हे पेशव्यांकडून सरलष्कर. गावात त्यांचा वाडा उभा आहे. १८३९ साली ते वारले आणि पुढं जहागीर इंग्रजांनी खालसा केली. त्याआधी १८१८ लाच पेशवाई बुडाली होती. ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या घोड्यावर पोट भरलं, त्यांच्या दावणीला घोडा उरला आणि चाकरी गेली. काहींनी घोडे विकून बैल घेतले, काही छोट्या संस्थानांच्या पागेत शिरले, काही कंपनी सरकारच्या रिसाल्यात.

कंपनीच्या रिसाल्यात त्यांना आपलीच जुनी रीत नव्या कपड्यात भेटली. १८१७ साली उभ्या राहिलेल्या पूना हॉर्ससारख्या पलटणी शिलेदार पद्धतीवरच चालत. घोडा स्वाराचा किंवा स्वाराच्या नावावरचा. पण एक सुधारणा होती, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. प्रत्येक स्वाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापून एका फंडात जमा होई. त्याला चंदा म्हणत. घोडा मेला की या चंद्यातून दुसऱ्या घोड्याला मदत मिळे. शिलेदाराची एकट्याची जोखीम सगळ्या रिसाल्यानं वाटून घेतली. पहिल्या महायुद्धानंतर शिलेदार पद्धत मोडली आणि तो चंदाही गेला. टांगेवाल्यांना असं काही कधी मिळालं नाही. तसा चंदा निपाणीच्या टांगा स्टँडवर असता तर माझ्या आईच्या कानातली फुलं राहिली असती.

घोडे यायचे कुठून? भीमेच्या खोऱ्यातले भीमथडी घोडे उंचीला बेताचे, पण काटक. कमी दाण्यावर दिवसभर चालणारे आणि खडकाळ रानात पाय न घसरणारे. मराठी घोडदळाची मदार त्यांच्यावर होती. अलीकडे भीमथडीची देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, तेव्हा मला घरातल्या माणसाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं. मोठ्या माणसांसाठी अरबी घोडे मुंबईच्या बंदरातून येत, आणि इंग्रजी अमदानीत लष्करासाठी ऑस्ट्रेलियातून वेलर. हे थोराड जनावर म्हातारं झालं, लंगडलं, की लष्कर त्याला लिलावात काढायचं आणि ते टांग्याला लागायचं. बेळगावला छावणी होती, गोरे साहेब होते, म्हणून घोड्यांच्या रेसही होत्या. तिथल्या गोल्फच्या मैदानाकडच्या भागाला अजून रेसकोर्स म्हणतात. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या झाडीत बिबट्या शिरला, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवल्या, शोधाला हत्ती आणले, तेव्हा वर्तमानपत्रात रोज 'रेसकोर्स' छापून यायचं. तिथं एके काळी घोडे पळत, हे माझ्या शेजारच्या पोरांना माहीत नव्हतं.

म्हणजे दोनशे वर्षं आमच्याकडं घोडा वरून खाली उतरत आला आहे. आधी सरदाराची पागा, मग लष्कर, मग रेसकोर्स. त्यांनी सोडलेला घोडा आमचा. पुण्यात १८३० पासून रेस चालते. मुंबईचा टर्फ क्लब १८०२ चा आणि महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ चं. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई. हंगाम संपतो तेव्हा मालक हिशेब करतो. घोडा जिंको वा न जिंको, त्याचा महिन्याचा खर्च थांबत नाही. जो पळत नाही, ज्याचा पाय सुजतो, ज्याच्या नाकातून पळाल्यावर रक्त येतं, तो आधी जातो. तो जातो तेव्हा त्याचं वय असतं ३ किंवा ४ वर्षं. घोडा सहज २५ वर्षं जगतो. म्हणजे रेसवाल्यानं पहिली २ वर्षं वापरून उरलेली २० वर्षं कुणाच्या तरी हवाली केलेली असतात.

हे घोडे इतक्या कोवळ्या वयात का मोडतात, ते मला एका निवृत्त पशुवैद्य डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. रेसचा घोडा थरोब्रेड, आमची पोरं त्याला 'ठोरबेट' म्हणतात. इंग्लंडात नेलेल्या तीन पूर्वेकडच्या घोड्यांपासून ही जात घडली. नुसत्या वेगासाठी घडवलेलं साडेचारशे-पाचशे किलोंचं अंग आणि खाली बारीक पाय. भरधाव पळताना एक क्षण असा येतो की सगळा भार एकाच पुढच्या पायावर असतो, आणि तो भार अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भरतो. पुढच्या गुडघ्याच्या वरचं वाढीचं कूर्चामय हाड जेमतेम दोन-अडीच वर्षांला जुळतं, पाठीच्या मणक्यांना तर त्याहून कितीतरी जास्त वर्षं लागतात. रेस सुरू होते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. बैलाच्या बाजारात आम्ही 'आदत' खोंडाला, म्हणजे दुधाचे दात न पाडलेल्याला, जू जपून देतो. हा तर दुधाच्या दातांचा घोडा.

आता वडिलांचा घोडा.

१९७२ चा दुष्काळ आमच्या भागानंही सोसला. वैरण महाग, माणसांचेच हाल. १९७३ ला पाऊस बरा झाला आणि दिवाळीच्या आधी वडील कोल्हापूरकडून एक घोडा घेऊन आले. ३५० रुपये. एवढ्या पैशात तेव्हा म्हातारी तट्टं मिळायची, आणि हा ३ वर्षांचा, साडेपंधरा मुठी उंच, चमकणारा. एक्का-टांग्याच्या त्या रांगेत तो उभा राहिला की उतारू आपोआप आमच्याकडं वळतील, असं वडिलांना वाटलं. त्याच्याबरोबर एक मळका कागद आला होता. मी नववीत होतो, म्हणून तो वाचायचं काम माझ्याकडं. लांबलचक इंग्रजी नाव होतं. वडिलांच्या जिभेवर ते बसेना. घरात त्याला 'पुणेकर' म्हणायला लागले.

पुणेकराच्या डाव्या पुढच्या पायाच्या नळीमागची शीर केळ्यासारखी बाहेर आली होती. विकणाऱ्यानं सांगितलं, दोरी लागलीय. वडिलांना ते पटलं नाही, पण पटवून घ्यायचं होतं. त्यांनी त्याला २ महिने टांग्याला जोडलं नाही. रोज पहाटे यमगर्णीला वेदगंगेवर न्यायचे आणि वाहत्या पाण्यात गुडघाभर उभं करायचे. मी शाळेआधी बरोबर जायचो. थंडीत नदीतून वाफ निघायची, वडील धोतर खोचून त्याच्याजवळ उभे असायचे आणि पाण्याखाली हात घालून शीर वरून खाली, वरून खाली चोळत राहायचे. घोडा डोकं खाली घालून पाण्याला नाक लावायचा, प्यायचा नाही. वडिलांचे पाय पांढरेफटक पडायचे. शीर खरंच उतरली. हा उपाय खोटा नव्हता. आजचे डॉक्टरही नव्या दुखापतीला थंड पाणी आणि विश्रांतीच सांगतात. फक्त विश्रांती म्हणजे वर्षभर. टांगेवाल्याला वर्ष कुठून परवडणार?

दुसरी गोम आम्हाला घाटात कळली. निपाणीहून संकेश्वरच्या वाटेवर तवंदीचा घाट आहे. चढाला लागल्यावर पुणेकराच्या घशातून करवतीसारखा आवाज यायला लागला. घोडा फक्त नाकानं श्वास घेतो. आपल्यासारखं तोंड उघडून धापा टाकणं त्याला जमत नाही. स्वरयंत्राची एक बाजू लुळी पडली की वाट अर्धी होते आणि हवा शीळ घालत आत शिरते. हे दुखणं रेसच्या उंच घोड्यांत बरंच असतं आणि सपाटीवर हळू चालताना त्याचा मागमूस लागत नाही. वडील घाटात सगळ्यांना खाली उतरवायचे आणि स्वतः दांडीला खांदा द्यायचे. उतारू पुढच्या खेपेला दुसऱ्या टांग्यात बसायचे.

'गोम' हा शब्द मी सहज वापरला, पण तो मूळचा घोड्याच्या पारखीतलाच. घोड्याच्या अंगावर केस उलट-सुलट वळून जी रेघ उमटते तिला गोम म्हणत, आणि ती कुठं आहे त्यावरून घोडा शुभ की अशुभ ते ठरे. देवमण असेल तर चांगलं, अमक्या जागी भोवरा असेल तर मालक मरतो. पंचकल्याणी घोड्याला जास्त पैसे. शालिहोत्राच्या नावावरच्या जुन्या शास्त्रात हे सगळं आहे, पण त्याच शास्त्रात दात, खूर, श्वास, लीद यांचीही बारीक परीक्षा आहे. आमच्या लोकांनी भोवरे तेवढे लक्षात ठेवले. माझ्या वडिलांनी पुणेकराच्या गळ्याचा भोवरा अर्धा तास पाहिला होता. त्याला दगडी रस्त्यावर चार पावलं दुडकत नेलं नव्हतं.

तिसरं दुखणं त्याच्यात आधीचं नव्हतं, आमच्याकडं आल्यावर लागलं. १९७५ च्या पावसाळ्यात त्याला ताप यायचा, जायचा. खायचा व्यवस्थित, तरी बरगड्या दिसायला लागल्या. पोटाखाली पाणी उतरल्यासारखी सूज. दृष्ट लागली म्हणून आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त काचेवर घेतलं आणि 'सर्रा' म्हणाले. घोडमाशी चावून हा रोग एका जनावरातून दुसऱ्यात जातो. पुढं मला कळलं, की याचा जंतू १८८० साली डेरा इस्माईलखान इथं ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यानं शोधला, आणि त्यावर काम करणारे जॉन हेन्री स्टील हे १८८६ साली मुंबईला पशुवैद्यक कॉलेज निघालं तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य. म्हणजे आमचा घोडा आजारी पडण्याच्या ९५ वर्षं आधी या रोगाची ओळख पटली होती. औषधही होतं. ते आमच्यापर्यंत पोचायला ११ दिवस लागले आणि पुणेकर नवव्या दिवशी गेला.

त्यानंतर दाणेवाल्या वाण्याची वही आमच्या घरी आली. बेरीज मीच केली. घोड्याची किंमत ३५०, आणि चंदीची थकलेली बाकी १,१४०. आईनं कानातली फुलं काढून दिली. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. पैशाचं त्यांना एवढं लागलं नव्हतं. "मी त्याला घाटात घालायला नको होतं," एवढंच ते दोन-तीनदा म्हणाले.

पुढं टांगे गेले. निपाणीला रेल्वे आजही नाही, पण एसटी आली, मग रिक्षा आल्या. घोडा उरला तो शर्यतीपुरता. आमच्या सीमाभागात उरूस-यात्रांना बैलगाडीबरोबर घोडागाडीच्या शर्यती होतात, आणि एक घोडा-एक बैल अशी जोडही पळवतात. बैलांच्या शर्यतींची कोर्टकचेरी सगळ्यांना ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ ला बंदी घातली, कर्नाटकानं २०१७ ला कंबळ आणि बैलांच्या शर्यतींसाठी कायद्यात दुरुस्ती केली, महाराष्ट्राला डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्यांचे कायदे उचलून धरले. तेव्हापासून चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत चांगल्या खोंडाला हात लावायची सोय राहिली नाही. मग ज्याच्याकडं तेवढा पैसा नाही असं पोरगं स्वस्त घोडा शोधतं. आमच्या पुतण्याची गोष्ट नेमकी हीच. आदत खोंड परवडेना म्हणून ठोरबेट.

शर्यत डांबरी रस्त्यावर असते तेव्हा मला तिथं थांबवत नाही. मऊ हिरवळीसाठी घडवलेला पाय डांबरावर आदळतो, दोन्ही बाजूंनी मोटरसायकली, कर्णे, आरडाओरडा. गर्दीला वेग दिसतो. मला पुढच्या पायाची नळी दिसत राहते.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. महामार्गाला लागून पत्र्याचा गोठा होता. घोडा अंग पुसून, आयाळ विंचरून तयार उभा. विकणाऱ्यानं चहा सांगितला. मी चहा नंतर घेऊ म्हणालो आणि आधी त्याच्या खुराला हात लावला. थंड. गुडघा थंड. नळीवर हात फिरवत मागं गेलो तर शिरेला कोमट लागलं, आणि अंगठ्यानं दाबल्यावर घोड्यानं पाय हलकेच काढून घेतला. मानेवर डाव्या बाजूला सुईचे दोन ताजे ठिपके होते. दुखणं दाबायचं औषध सकाळी दिलेलं असणार. दात पाहिले. वरचे मधले दोन पक्के, शेजारचे दुधाचे. वय खरं सांगितलं होतं. नाकपुड्या आतून पाहिल्या, फोड किंवा चिकट शेंबूड आहे का म्हणून. ग्लँडर्स हा रोग माणसालाही लागतो आणि त्यात मरणही येतं. १८९९ सालीच त्याच्यासाठी वेगळा कायदा झाला होता, सापडलेलं जनावर मारावं लागतं. २००६ साली पुणे, पाचगणी, नांदेडकडं तो पुन्हा निघाला होता. याच्या नाकात काही नव्हतं. तरी रक्ताची तपासणी केल्याशिवाय घोडा दावणीला बांधू नये, हे मी पुतण्याला तिथंच सांगितलं. घोड्याचा पासपोर्ट मागितला. "पाठवून देतो की," विकणारा म्हणाला.

मग मी घोडा बाहेर सर्व्हिस रोडवर घ्यायला सांगितलं. लगाम सैल सोडून, दुडक्या चालीनं, आधी माझ्यापासून लांब, मग माझ्याकडं. विकणाऱ्याला ते आवडलं नाही. पण पोरगं अडून बसलं, तेव्हा त्यानं नेलं. हे बघणं अवघड नाही. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकतो तेव्हा घोडा मान वर उचलतो, धड पाय टेकला की मान खाली येते. चाकावरच्या खुणेसारखं ते ठरावीक ठिकाणी येत राहतं. सुई दिलेली असूनही आठव्या-दहाव्या पावलापासून ती मान हलायला लागली. डावा.

"बघ," मी पुतण्याला म्हणालो. "मान बघ. पाय बघू नको."

त्यानं पाहिलं. तोंड उतरलं त्याचं.

परत येताना मी खिशातल्या शर्यतीच्या जाहिरातीच्या मागं त्याला हिशेब करून दिला. ३ किलो हरभरा-भुसा, वैरण, महिना-दीड महिन्याला नाल, तबेल्याचा पेंढा. काटकसर करून दिवसाला ३०० रुपये. वर्षाला १,०९,५००. आणि या शिरेला वर्षाची विश्रांती पाहिजे, म्हणजे तो एक पैसा न मिळवता खाणार. डॉक्टर वेगळा. आजारी जनावराचा विमा उतरत नाही, कारण आधी डॉक्टरचा निरोगी असल्याचा दाखला लागतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, पण हा मसाला रोज घालावा लागतो. "घोडा नको म्हणत न्हाई मी," मी त्याला सांगितलं. "वर्षभर बसवून खायला घालायची तयारी असली तर घे. मग तुझ्यासारखा शहाणा कोण न्हाई. नदी मी दाखवतो."

तो बराच वेळ बोलला नाही. यमगर्णीच्या पुलावर गाडी आली तेव्हा म्हणाला, "मी न्हाई घेतला तर त्याचं काय हुईल, काका?"

मला उत्तर देता आलं नाही. पिंपरीला हाफकिनच्या तबेल्यात घोडे असतात, त्यांना थोडं थोडं सापाचं विष टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढतात, आणि उसात साप चावलेली आमची माणसं त्यावर वाचतात. तिथं निदान दाणा आणि डॉक्टर असतो. पण प्रत्येक सोडलेला घोडा काही तिथं जात नाही.

संध्याकाळी काम होतं म्हणून मी पुन्हा त्याच रस्त्यानं कागलकडं निघालो होतो. गोठ्यासमोर टेम्पो लागलेला. दोन अनोळखी पोरं फळीवरून त्या घोड्याला वर चढवत होती. मी गाडी थांबवली, उतरलो, त्यातल्या मोठ्याला शिरेचं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पैसं दिल्यात ओ मामा." घोडा फळीशी अडला होता. डावा पाय वर टेकवायचा आणि लगेच खाली घ्यायचा. मी त्याच्या डाव्या बाजूला गेलो, खांदा त्याच्या खांद्याला लावला आणि उजवा पाय आधी पडेल असा त्याला वर घेतला. आत उभा राहिल्यावर त्यानं डावा पाय पुढं टेकवून भार काढला. मोठा पोरगा ते पाहत होता. टेम्पो सुटायच्या आधी त्यानं माझा नंबर लिहून घेतला.